वऱ्हाडातील प्राथमिक शाळा आणि मुलांचे लेखन : अक्षर, शुद्धता व रचना

प्राथमिक शिक्षणाच्या इतिहासावर मराठीत जे लेखन झाले आहे, त्याचा बहुतेक भाग संस्था, कायदे व अनुदाने यांच्या हकीकतीने व्यापलेला आहे. शाळा किती निघाल्या, त्या कोणी काढल्या, त्यांवर खर्च किती झाला, हे प्रश्न महत्त्वाचे आहेत यात शंका नाही. परंतु शाळेत बसलेले मूल पाटीवर किंवा वहीत नेमके काय लिहीत होते, आणि त्याने लिहिलेल्या मजकुराची परीक्षा कोणत्या कसोटीवर होत होती, हा प्रश्न क्वचितच विचारला गेला आहे. प्रस्तुत लेखात जुन्या वऱ्हाडातील अमरावती व अकोला ह्या दोन जिल्ह्यांच्या संदर्भात ह्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

आरंभीच एक भेद स्पष्ट केला पाहिजे. 'मुलाला लिहिता येते' असे आपण म्हणतो तेव्हा त्या एका क्रियापदात तीन निरनिराळ्या गोष्टी गुंतलेल्या असतात. पहिली, अक्षर काढता येणे. दुसरी, रूढ नियमांप्रमाणे शुद्ध लिहिता येणे. तिसरी, आपल्या मनातील गोष्ट समोर नसलेल्या माणसाला समजेल अशा रीतीने वाक्यांत मांडता येणे. ह्या तिसऱ्या गोष्टीस येथे 'रचना' म्हटले आहे. वऱ्हाडातील शाळांच्या इतिहासात पहिल्या दोहोंना क्रमाने मान मिळत गेला. तिसरीचे नाव अभ्यासक्रमात आले, पण तिला स्वतःची कसोटी मिळाली नाही. असे का झाले, हे पाहणे हा ह्या लेखाचा उद्देश आहे.

१. धूळपाटी आणि मोडी

इंग्रजी अंमलाच्या पूर्वीपासून चालत आलेल्या गावठी शाळांत लेखनाचा आरंभ धुळाक्षरांनी होत असे. पाटावर बारीक धूळ पसरून तीत बोटाने किंवा काडीने अक्षर काढावयाचे, ते पुसावयाचे, पुन्हा काढावयाचे. 'ओनामासीधं' हा पहिला पाठ. 'ॐ नमः सिद्धम्' ह्या मंगलवचनाचे हे झिजलेले रूप आहे. ते गिरविणाऱ्या मुलाला, आणि पुष्कळदा पंतोजीलाही, त्याचा अर्थ ठाऊक नसे. अर्थावाचून लिहिणे हा त्या शिक्षणाचा दोष म्हणून नेहमी दाखविला जातो, आणि तो खोटा नाही. तथापि त्या शिक्षणाला एक निश्चित प्रयोजन होते. अक्षर बसले की मुलगा मोडीकडे वळे. पत्र, पावती, कर्जरोखा, हिशेब हे मोडीत चालत असत, आणि ते ज्याला लिहिता येई त्याला गावात किंमत असे.

मोडीचे दोन विशेष येथे लक्षात घ्यावयास हवेत. मोडीत शब्दाशब्दांत जागा सोडण्याची किंवा विरामचिन्हे देण्याची रूढी नव्हती. आणि इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घ भेदही त्या लिपीत सामान्यतः पाळला जात नसे. म्हणजे ज्या गोष्टींवरून आज मुलाचे लेखन 'अशुद्ध' ठरते, त्यांतील सर्वांत मोठा वर्ग मोडी लिहिणाऱ्या कारकुनाच्या दृष्टीने अस्तित्वातच नव्हता. त्याचे लेखन चांगले की वाईट हे दोन प्रश्नांवरून ठरे : अक्षर वळणदार व वाचनीय आहे काय, आणि व्यवहार बिनचूक नोंदला गेला आहे काय.

२. छापील बालबोध व शुद्धतेची कसोटी

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली सोपविला. पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, वुडचा खलिता आला आणि देशी भाषांतून प्राथमिक शिक्षण देणे हे सरकारचे काम ठरले. वऱ्हाडातील सरकारी शाळा ह्या काळाच्या पुढे उभ्या राहिल्या. त्या वेळेपर्यंत छापील मराठीचे प्रमाण मुंबई इलाख्यात बरेचसे ठरून गेले होते. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण १८३६ मध्ये, मोल्सवर्थचा कोश १८३१ मध्ये व त्याची वाढविलेली आवृत्ती १८५७ मध्ये प्रसिद्ध झाली. मेजर कँडी यांनी १८५० मध्ये 'विरामचिन्हांची परिभाषा' लिहून इंग्रजी विरामचिन्हे मराठीत आणली, आणि पुढे शालेय पुस्तकांच्या भाषेवर त्यांचाच हात दीर्घकाळ फिरला. ह्या सर्वांच्या समोर जी मराठी होती ती मुख्यतः पुण्याकडील शिष्टांची.

छापील बालबोधाबरोबर लेखनाची नवी कसोटी आली. आता शब्द सुटे लिहावयाचे होते, वाक्य कोठे संपते हे लिहिणाऱ्याने ठरवावयाचे होते, आणि इकार-उकार ऱ्हस्व की दीर्घ हे संस्कृत मूळ व व्याकरणाचा नियम पाहून लिहावयाचे होते. वाक्य कोठे संपते हे ठरविणे हा रचनेचाच भाग आहे. ते शिकविण्यात मोठा लाभ होता. परंतु शाळेने भर दिला तो इकार-उकारांवर. मराठीच्या उच्चारात ऱ्हस्व-दीर्घ इकार किंवा उकार बदलल्याने शब्दाचा अर्थ बदलतो अशी उदाहरणे अगदी थोडी आहेत. म्हणून हा भेद कानाने शिकता येत नाही. तो डोळ्याने पाठ करावा लागतो. पुण्याच्या मुलालाही तो पाठच करावा लागतो.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जे निवेदन दिले, त्यात प्राथमिक शाळांच्या अभ्यासक्रमाविषयी स्पष्ट मागणी आहे. मोडी व बालबोध दोहोंचे वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल व व्याकरण यांची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती व आरोग्य यांचे काही पाठ, असा क्रम त्यांनी सुचविला. मोडीचा येथे झालेला उल्लेख सहज नाही. शेतकऱ्याच्या मुलाला सावकाराचा रोखा वाचता व लिहिता आला पाहिजे, ही त्यामागील दृष्टी होती. लेखन कशासाठी, ह्या प्रश्नाचे उत्तर त्या मागणीत आहे. शाळाखात्याच्या अभ्यासक्रमाने ते उत्तर आपलेसे केले असे दिसत नाही. मोडी क्रमाक्रमाने मागे पडली आणि तिच्याबरोबर व्यवहाराचे लेखनही शाळेत दुय्यम ठरले.

३. जे मोजता येते ते

शुद्धलेखनाला एवढे प्राबल्य का आले, याचे एक कारण परीक्षेच्या पद्धतीत सापडते. इंग्लंडात १८६२ च्या सुधारित नियमावलीने शाळेचे अनुदान मुलांच्या परीक्षेतील निकालावर अवलंबून ठेवले. वाचन, लेखन व अंकगणित हे परीक्षेचे तीन विषय, आणि लेखन म्हणजे प्रामुख्याने पाहून लिहिणे व श्रुतलेखन. निकालावर अनुदान हे तत्त्व हिंदुस्थानातही आले. हंटर आयोगाने प्राथमिक शाळांसाठी त्याची शिफारस केली, आणि १९०४ च्या शैक्षणिक ठरावात सरकारनेच ते त्याज्य ठरवीपर्यंत त्याचा अंमल कमीअधिक प्रमाणात राहिला.

तपासनिसाला एका दिवसात एक शाळा उरकावयाची असते. दहा ओळींचे श्रुतलेखन घालून चुका मोजणे हे काम चटकन होते व त्यात वाद होत नाही. मुलाने स्वतःच्या मनाने लिहिलेल्या दहा ओळींचे मोल असे मोजता येत नाही. परिणामी जे मोजता येते ते शिकविले गेले. अनुदानाचे तत्त्व गेले, परंतु त्याने लावलेली सवय मागे राहिली : लेखनाचा तास म्हणजे शुद्धलेखनाचा तास, आणि तपासणे म्हणजे चुकांखाली रेघा ओढणे. आजही ही गोष्ट निराळ्या रूपात दिसते. २००५ पासून निघणाऱ्या 'असर' अहवालांत ग्रामीण मुलांची जी घरोघर पाहणी होते, तीत मुख्यतः वाचन व अंकगणित तपासले जाते. त्या पाहणीचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पण जे मोजले जात नाही ते चर्चेतूनही गळते, एवढे येथे नोंदवून ठेवावेसे वाटते.

वरच्या इयत्तांत 'निबंध' आला. हा शब्द मराठीत विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या १८७४ मध्ये सुरू झालेल्या निबंधमालेने प्रतिष्ठित केला. प्रौढ विद्वानाने प्रौढ वाचकासाठी लिहावयाचा हा प्रकार. तेच नाव, आणि त्याबरोबर तीच भारदस्त भाषा, नऊ-दहा वर्षांच्या मुलापुढे ठेवली गेली. मुलाजवळ तशी भाषा नसते, म्हणून शिक्षकाने फळ्यावर नमुना लिहून द्यावा व मुलाने तो पाठ करावा, अशी वहिवाट पडली. 'गाय', 'माझी आई', 'पोळा' ह्या विषयांवरील निबंध वर्गातील सर्व मुलांच्या वह्यांत सारखेच असतात. वऱ्हाडात पोळ्याच्या दिवशी ज्याने स्वतः बैलाची शिंगे रंगविलेली असतात, त्या मुलाच्या निबंधातही त्याचा बैल कोठे आढळत नाही.

लेखनसाधनांचा इतिहासही येथे विचारात घेण्याजोगा आहे. धूळपाटी व दगडी पाटी ही दोन्ही पुसता येणारी साधने. लिहिलेले बदलून पाहण्याला ह्यांहून स्वस्त साधन नाही. परंतु पाटीचा उपयोग झाला तो कित्ता गिरविण्याकडे. पुढे वही आली आणि पुसणे हाच दोष ठरला. खाडाखोड केली तर गुण कमी होऊ लागले. लिहिलेले पुन्हा वाचून बदलणे हा रचनेचा गाभा आहे. जेथे बदलणे सोपे होते तेथे रचना शिकविली गेली नाही, आणि जेथे रचनेचा विषय आला तेथे बदलण्याची मुभा राहिली नाही.

४. वर्धा योजनेतील एक कलम

१९०३ मध्ये वऱ्हाड मध्यप्रांताला जोडला गेला. १९२० नंतर प्राथमिक शाळांचा कारभार स्थानिक संस्थांकडे अधिक प्रमाणात आला, डॉ. पंजाबराव देशमुख हे १९२८ मध्ये अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले आणि १९३२ मध्ये त्यांनी श्री शिवाजी शिक्षण संस्थेची स्थापना केली. शेतकऱ्यांची मुले मोठ्या संख्येने शाळेत येऊ लागण्याचा हा काळ. ह्याच काळात, वऱ्हाडच्या सीमेवरून वाहणाऱ्या वर्धा नदीच्या पलीकडे, लेखनशिक्षणाचा एक निराळा विचार मांडला गेला.

२२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली, आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये आपला अहवाल दिला. नई तालीम म्हटले की तकली आठवते; मातृभाषेविषयी त्या अहवालात काय आहे हे फारसे पाहिले जात नाही. सात वर्षांच्या अखेरीस मुलाला काय यावे याची जी यादी तेथे आहे, तीत वाचनीय, शुद्ध व बऱ्या वेगाने लिहिता यावे हे एक कलम आहे. आणि त्याहून वेगळे असे दुसरे कलम आहे की, रोजच्या घडामोडींचे साध्या व स्पष्ट भाषेत लेखी वर्णन करता यावे. त्यासाठी दिलेले उदाहरण गावात सहकारी कामासाठी भरलेल्या सभेच्या वृत्तांताचे आहे. खाजगी व कामकाजाची पत्रे लिहिता येणे हे आणखी एक कलम. त्यांच्याही आधी, आपल्या परिसरातील वस्तू, माणसे व घटना यांविषयी मोकळेपणाने बोलता यावे, हे पहिले कलम ठेवले आहे.

ह्या यादीत अक्षर व शुद्धता यांपासून रचना वेगळी काढली आहे, आणि रचनेला प्रयोजन व वाचक दिला आहे. सभेला जो आला नाही त्याला सभा समजली पाहिजे, ही त्या लेखनाची कसोटी. फुल्यांच्या मागणीतील व्यवहारदृष्टी येथे पुन्हा दिसते. कापूस पिकविणाऱ्या वऱ्हाडाला तर कताईचा हा उद्योग परका नव्हता. सरकीपासून सुतापर्यंतची प्रत्येक क्रिया मुलाच्या घरची, आणि तिच्या नोंदीचे शब्द त्याच्या ओठावरचे.

ही संधी का निसटली? मध्यप्रांत व वऱ्हाडात पंडित रविशंकर शुक्ल यांच्या पुढाकाराने १९३८ मध्ये विद्यामंदिर योजना सुरू झाली. परंतु १९३९ च्या अखेरीस काँग्रेसची मंत्रिमंडळे पायउतार झाली आणि तिच्यामागचा राजकीय आधार गेला. स्वातंत्र्यानंतर मूलोद्योगी शाळा निघाल्या, पण चर्चा उद्योगाच्या उत्पन्नाभोवती फिरत राहिली. भाषेचे कलम बाजूलाच राहिले. १९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला, १९६२ मध्ये जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या, आणि १९६७ मध्ये पाठ्यपुस्तक मंडळ म्हणजे 'बालभारती' स्थापन झाले. राज्यभर एक पुस्तक झाले. त्याचे लाभ मोठे आहेत. परंतु वऱ्हाडातील मुलाच्या बोलीचा प्रश्न त्यामुळे अधिक निकडीचा झाला.

५. बोली, नियम व लाल शाई

वऱ्हाडीचे विशेष ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या १९०५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सातव्या खंडापासून अभ्यासकांना परिचित आहेत. 'ळ'च्या जागी 'य', 'ण'च्या जागी 'न', चतुर्थीचा 'ले', आरंभीच्या 'वि'चा 'इ' ही त्यांतील ठळक. 'शाळा' ही 'शाया' होते, 'पाणी' हे 'पानी', 'मला' हे 'मले', 'विहीर' ही 'इहीर'. ही रूपे नियमबद्ध आहेत. बोलणाऱ्याच्या आळसाशी त्यांचा संबंध नाही.

विवेचनासाठी रचलेला पुढील उतारा पाहा. तिसरीतील मुलाने तो लिहिला आहे असे समजू : 'आमच्या वावरात पराटी हाये. माय कापूस येचाले गेली. मि बी गेलो. तिथं साप निंगाला. बावा धावला. तो पयाला.' ह्यात 'मि' ही लेखनरूढीची चूक आहे; ती महाराष्ट्रातील कोणतेही मूल करील. 'हाये', 'येचाले', 'बी', 'निंगाला', 'पयाला' ही बोलीची रूपे आहेत. त्यांना चूक म्हणणे शास्त्रीय दृष्ट्या बरोबर नाही, प्रमाणभाषेत त्यांची जोडरूपे मुलाला यथावकाश दिली पाहिजेत एवढेच. रचनेचा दोष एकच आहे : 'तो पयाला' म्हणजे साप पळाला की बाप? बोलताना हा प्रश्न उद्भवत नाही. मुलाचा हात, चेहरा व आवाज तो मिटवितो. कागदावर तो मिटविण्याचे काम वाक्याला करावे लागते. लेखन शिकणे म्हणजे हेच शिकणे. रूढ तपासणीत ह्या उताऱ्यावर सहा रेघा ओढल्या जातील, आणि विचारावयाचा एकमेव प्रश्न विचारला जाणार नाही. मूल त्यातून जे शिकते ते असे की, आपल्या घरची गोष्ट लिहिली की चुका होतात. पुढच्या वेळी ते पाठ केलेली 'गाय' लिहिते. तीत चुका नसतात.

मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले व १९७२ मध्ये त्यांत भर पडून ते अठरा झाले. अनुच्चारित अनुस्वार गेले, अन्त्य इकार-उकार दीर्घ ठरले. मुलांचे ओझे खरोखरच हलके झाले. परंतु नियम लेखनरूढीचे आहेत. बोली किंवा रचना यांच्याविषयी निवाडा करण्यासाठी ते केलेले नाहीत, आणि तसा त्यांचा उपयोग करणे हा त्यांच्यावरही अन्याय आहे.

बोली ही लेखनाची वैरीण आहे हा समज वऱ्हाडात तरी टिकू नये. मराठीतील आद्य गद्यग्रंथ जो लीळाचरित्र, तो म्हाइंभटांनी तेराव्या शतकात ज्या रिद्धपुरात सिद्ध केला ते अमरावती जिल्ह्यातच आहे. आणि तो माणसांना भेटून, त्यांनी सांगितलेल्या आठवणी टिपून सिद्ध झाला. आपल्या काळात उद्धव शेळके यांच्या 'धग' (१९६०) ह्या कादंबरीने व अकोल्याच्या विठ्ठल वाघ यांच्या कवितेने वऱ्हाडीला छापील प्रतिष्ठा दिली. प्रौढांच्या साहित्यात जी गौरवास पात्र ठरते, ती भाषा मुलाच्या वहीत दोष ठरावी ही विसंगती आहे.

मेळघाटात, धारणी व चिखलदरा तालुक्यांत, प्रश्न आणखी खोल जातो. कोरकू ही मुंडा गटातील भाषा. तिचे व्याकरण जॉन ड्रेक यांनी १९०३ मध्येच प्रसिद्ध केले होते. तीत द्विवचन आहे, आणि मराठीसारखी तीन लिंगे नाहीत. कोरकू मुलाने मराठी क्रियापदाचे लिंग चुकविले तर ती निष्काळजीपणाची खूण समजू नये. ते एका व्यवस्थेतून दुसरीत जात आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शक्य तेथवर मातृभाषा हे माध्यम असावे असे म्हटले आहे. निदान पहिल्या रचना कोरकूत सांगू व देवनागरीत लिहू देणे, हे त्या कलमाचे किमान पालन होय.

६. इतरत्र आलेला अनुभव

फ्रान्समध्ये सेलेस्तँ फ्रेने यांनी १९२४ मध्ये खेड्यातील शाळेत छोटे मुद्रणयंत्र आणले. मुलांनी आपल्या गावाविषयी लिहावे, वर्गाने मिळून मजकूर सुधारावा, छापावा व दुसऱ्या शाळेला पाठवावा. खरा वाचक मिळाल्यावर शुद्धलेखनाची गरज मुलांनाच पटली. अमेरिकेत १९६३ मध्ये ब्रॅडॉक व सहकाऱ्यांनी तोवरच्या संशोधनाचा आढावा घेऊन, केवळ औपचारिक व्याकरण शिकविल्याने रचना सुधारत नाही असा निष्कर्ष काढला. डोनाल्ड ग्रेव्ह्ज यांच्या १९८३ च्या ग्रंथाने कच्चा मसुदा, चर्चा व पुनर्लेखन हा क्रम प्राथमिक वर्गांतही चालतो हे दाखविले. आपल्याकडे फलटणच्या बोलीतील सामाजिक भेदांवर प्रबंध लिहिणाऱ्या डॉ. मॅक्सीन बर्नसन यांनी तेथेच प्रगत शिक्षण संस्थेच्या द्वारा, आणि लीलाताई पाटील यांनी कोल्हापूरच्या सृजन आनंद विद्यालयात, मुलाच्या बोलीचा व अनुभवाचा आदर करून शिकविण्याचे प्रयोग केले. ह्या सर्वांत क्रम एकच आहे : आधी सांगणे, मग लिहिणे, मग दुसऱ्याला वाचून दाखविणे, मग बदलणे, आणि शुद्धता सर्वांत शेवटी. १९३७ च्या यादीतील पहिले कलम बोलण्याचे होते, ते ह्याच कारणाने.

उपसंहार

वरील विवेचनावरून असे दिसते की, वऱ्हाडातील शाळेने मुलाला लिहावयास शिकविले नाही असे नाही. तिने जे मोजता येत होते ते मन लावून शिकविले. आता आवश्यकता आहे ती तीन गोष्टी वेगळ्या करण्याची. आठवड्यातून एक तास असा असावा की ज्यात मूल आपल्या वावराविषयी, गोठ्याविषयी, बाजाराविषयी आपल्या भाषेत लिहील, आणि शिक्षक त्याला एकच प्रश्न विचारील : 'हे जो तेथे नव्हता त्याला समजेल काय?' त्या तासाला खाडाखोड हा गुण मानावा. बोलीच्या व प्रमाण रूपांची जोडयादी वर्गात टांगावी. ऱ्हस्वदीर्घाचा अभ्यास स्वतंत्र तासाला अवश्य व्हावा.

शेवटी आपल्या विभागापुरती एक सूचना. ह्या इतिहासाची साधने म्हणून आपल्यापाशी क्रमिक पुस्तके, कायदे व अहवाल आहेत. मुलांचे लेखन मात्र नाही. पाटीवरचे पुसले गेले, वह्या रद्दीत गेल्या. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी अमरावती व अकोला जिल्ह्यांतील थोड्या शाळा निवडून, मुलांची नावे वगळून व पालकांच्या संमतीने, दरवर्षी मुलांच्या वह्या जमा करून जतन कराव्यात. वऱ्हाडीच्या अभ्यासालाही त्यांहून विश्वसनीय सामग्री मिळणे कठीण. पुढील संशोधकाला निदान एवढे तरी सांगता यावे, की ह्या प्रदेशातील मुलांना काय सांगावयाचे होते.